हीच गोष्ट की दुसरी?

लिहिणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, टीका नम्रपणे ऐकावी. दुसरा, आपल्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवावा. दोन्ही खरे आहेत, पण प्रत्यक्ष कामाला बसल्यावर दोन्ही अपुरे पडतात, कारण कधी ऐकायचं आणि कधी ठाम राहायचं हे त्यांतला एकही सांगत नाही. संपादकानं समासात खुणा करून परत पाठवलेला मजकूर समोर असतो, जाणत्या वाचकाचं पत्र शेजारी असतं, आणि प्रत्येक खुणेपाशी वेगळा निर्णय घ्यायचा असतो. अशा वेळी आपण हा प्रश्न स्वभावावर ढकलतो. अमका हट्टी, तमका पडखाऊ, असं म्हणून मोकळे होतो. लेखन आणि संपादन या दोन्ही कामांत गेलेल्या वर्षांनी मला वेगळं शिकवलं. ऐकणं आणि ठाम राहणं हे दोन निरनिराळ्या माणसांचे स्वभाव नव्हेत. एकाच लेखकाला ही दोन्ही कामं आलटून पालटून करावी लागतात आणि त्यासाठी निवाडा लागतो. तो निवाडा एका प्रश्नापासून सुरू होतो: आक्षेप घेणाऱ्याला हीच गोष्ट अधिक चांगली झालेली हवी आहे, की हिच्या जागी दुसरीच गोष्ट हवी आहे?

हे तपासून पाहायला विजय तेंडुलकरांइतकं चांगलं उदाहरण मराठीत क्वचित सापडेल. तेंडुलकर म्हटलं की न झुकलेला नाटककार आठवतो. पण त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला एक पडलेलं नाटक आहे. १९५५ साली रंगभूमीवर आलेलं ‘गृहस्थ’ प्रेक्षकांनी स्वीकारलं नाही. पुढं काही वर्षांनी तेंडुलकरांनी तेच नाटक पुन्हा हाती घेतलं आणि ‘कावळ्यांची शाळा’ या नावानं नव्यानं लिहिलं. या घटनेकडं आपण पुरेसं लक्ष देत नाही. नाटक पडल्यावर लेखकापुढं दोन सोपे मार्ग असतात. प्रेक्षकांना कळलं नाही असं म्हणून नाटक छातीशी धरून बसायचं, नाहीतर विषयच टाकून द्यायचा. तेंडुलकरांनी यांतला एकही मार्ग धरला नाही. विषय ठेवला आणि रचना बदलली. म्हणजे प्रेक्षकांचा नकार त्यांनी ऐकला, पण त्या नकारातून विषयावरचा स्वतःचा विश्वास मोडू दिला नाही. फसलेल्या लेखनाविषयी हे फार महत्त्वाचं आहे. वाचकाला कंटाळा आला, तो गोंधळला, मध्येच उठून गेला, ही वाचकाची साक्ष असते आणि ती खोटी मानण्याचं कारण नसतं. त्या साक्षीवरून काय करायचं, हे मात्र लेखकानंच ठरवायचं असतं.

याहून बोलकं उदाहरण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं. १९६७ साली आलेल्या या नाटकातलं बेणारे बाईंचं शेवटचं स्वगत मराठी रंगभूमीवर अजरामर झालं, अभिनेत्रींच्या पिढ्यांनी ते पाठ केलं. पण मूळ संहितेत ते नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला म्हणून तेंडुलकरांनी ते लिहिलं, आणि तेही सहजासहजी नाही. वरवर पाहता लेखकाची अंतःप्रेरणा चुकली आणि दिग्दर्शकाची बरोबर ठरली, असं वाटेल. पण ते स्वगत नाटकात कुठं आणि कसं येतं ते पाहा. लुटुपुटूच्या खटल्यात सगळ्यांनी मिळून त्या बाईला घेरलेलं आहे, तिला बोलायची मुदत मिळते, आणि ती बोलू लागते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसं जागच्या जागी गोठलेली असतात. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. स्वगत संपतं आणि खटला जणू ती अवाक्षर बोललीच नाही असा पुढं चालू राहतो. या कोर्टात या बाईचं कुणी ऐकणार नाही, हा नाटकाचा गाभा तसाच राहिला. दिग्दर्शकानं एक रिकामी जागा दाखवली आणि ती खरोखर रिकामी होती, कारण बेणारेचं मन प्रेक्षकांसमोर उघडं व्हायला हवंच होतं. ती जागा कशानं आणि कोणत्या रीतीनं भरायची, हे लेखकानं आपल्या नाटकाच्या तर्कानुसार ठरवलं. देशपांड्यांना दुसरं नाटक नको होतं, त्यांना हेच नाटक पुरं झालेलं हवं होतं. अशा आक्षेपाला उत्तर म्हणून केलेल्या बदलात लेखक हरत नाही. त्याचं नाटक जिंकतं.

आता पुढच्याच काही वर्षांकडं वळू. १९७० साली ‘गिधाडे’चा प्रयोग डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केला तेव्हा परिनिरीक्षण मंडळानं इतर गोष्टींबरोबर गर्भपाताच्या प्रसंगी साडीवर दिसणाऱ्या लाल डागाला हरकत घेतली. शेवटी तो डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. १९७२ साली आलेल्या ‘सखाराम बाइंडर’वर तेराव्या प्रयोगानंतर बंदीचं संकट आलं आणि निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ सुरू झालं, १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं, आणि बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकॅडमी उभी करून १९७४ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आणलं. या तिन्ही ठिकाणी आक्षेपाचं रूप वेगळं होतं. माणसाच्या घरात इतकी हिंसा दाखवू नये, लग्नाविना राहणाऱ्या स्त्रीपुरुषांचा व्यवहार असा उघडा मांडू नये, नाना फडणविसांना असं रंगवू नये, अशा त्या मागण्या होत्या. त्या मान्य केल्या असत्या तर नाटक सुधारलं नसतं, उरलंच नसतं. घाशीराम हे इतिहासाचं नाटक नाही, सत्ता माणसं कशी घडवते आणि कशी संपवते याचं ते नाटक आहे, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. त्यातून नाना काढला तर घाशीरामला घडवणारा हातच निघून जातो. म्हणजे ज्या लेखकानं एका दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर नाटकाच्या शेवटाला एक मोठं स्वगत जोडलं, त्यानंच पाच वर्षांनी संतापलेल्या लोकांपुढं आपलं नाटक जसंच्या तसं ठेवलं. दोन्ही वेळा निवाड्याचा निकष एकच होता. बदलानं हे नाटक अधिक स्वतःसारखं होतं, की दुसरंच काही होतं?

रोजच्या लेखनात इतके मोठे प्रसंग येत नाहीत, पण निकष तोच लागू होतो. लेख लांबला आहे, दुसऱ्या परिच्छेदात तर्क तुटतो, कथेतला काका अचानक कुठून आला कळत नाही, शेवट आधीच लक्षात येतो: ही सगळी पहिल्या जातीची टीका आहे. ती करणारा माणूस आपल्या बरोबर चालत असतो आणि जिथं ठेचकाळला ती जागा दाखवत असतो. उलट, इतकं उदास कशाला लिहिता, या बोलीऐवजी प्रमाण भाषा वापरा, असल्या माणसांवर कशाला लिहायचं, ही दुसऱ्या जातीची. तिच्यात आपल्या लेखनाविषयी माहिती कमी असते आणि बोलणाऱ्याच्या अपेक्षेविषयी जास्त. व्यवहारात मात्र या दोन जाती क्वचितच सुट्या येतात. एकाच पत्रात, कित्येकदा एकाच वाक्यात, त्या मिसळलेल्या असतात. बोलीतले संवाद कमी करा, असं संपादक म्हणतो तेव्हा बोलीविषयीची नावड त्यात असू शकते. पण तीन पानं सलग संवादच आहेत आणि प्रसंग पुढं सरकत नाही, हे खरं निरीक्षणही त्यात असू शकतं. त्याचा उपाय नाकारून निरीक्षण घ्यायचं असतं. बोली तशीच ठेवून प्रसंग आवळता येतो. म्हणून आलेला अभिप्राय आहे तसा न स्वीकारता त्याचे दोन भाग करून लिहून काढण्याची सवय फार उपयोगी पडते. वाचताना काय झालं ते एका बाजूला, काय करा असं सांगितलं ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या रकान्यातलं जवळजवळ सगळं खरं असतं. दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक कलम तपासून घ्यावं लागतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की तेंडुलकर जिंकले म्हणून आज त्यांचा ठामपणा शहाणपणाचा वाटतो. ज्यांनी असाच हट्ट धरला आणि ज्यांची नाटकं खरोखर वाईट होती, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. हा आक्षेप रास्त आहे. यश हा अंतःप्रेरणेचा पुरावा मानला तर लिहिताना त्याचा काहीच उपयोग नाही, कारण निर्णय आज घ्यायचा असतो आणि यश, आलंच तर, पुष्कळ उशिरा येतं. म्हणून अंतःप्रेरणेची परीक्षा यशाच्या आधी आणि कागदावरच व्हायला हवी. ती करण्याचा एक कष्टाचा पण खात्रीचा मार्ग आहे. जो बदल सुचवला गेला तो मनातल्या मनात धुडकावून न लावता खरोखर लिहून पाहायचा, आणि प्रामाणिकपणे, तो पडावा अशा हेतूनं नव्हे. शेवट बदला म्हणतात तर बदललेला शेवट पूर्ण ताकदीनं लिहायचा. मग दोन्ही खर्डे काही दिवसांनी मोठ्यानं वाचायचे. पुष्कळदा नवा खर्डा सरस निघतो आणि आपण ज्याला अंतःप्रेरणा म्हणत होतो तो निव्वळ आळस किंवा पहिल्या खर्ड्याविषयीची माया होती हे उघड होतं. कधी मात्र नव्या खर्ड्यात सगळं नीटनेटकं असूनही ज्या कारणासाठी लिहायला घेतलं तेच नाहीसं झालेलं दिसतं. त्यानंतरचा नकार हा हट्ट राहत नाही, कारण तो पर्याय करून पाहिल्यावर दिलेला असतो. नाटकवाल्यांना ही सोय तालमीत मिळते. एखादा प्रवेश दोन तऱ्हांनी उभा करून पाहता येतो. गद्य लिहिणाऱ्याला ती सोय स्वतःच करून घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आलेली टीका कोणत्या जातीची हे ठरवणार कोण? लेखकच. मग जी टीका बोचेल ती सगळी तो दुसऱ्या जातीत ढकलून देईल, आणि माझ्याकडून हे लोक वेगळंच काही मागत आहेत असं म्हणून सुटेल. आपणच आरोपी आणि आपणच न्यायाधीश असल्यावर निकाल काय लागणार? हा धोका खरा आहे आणि तो पुरता टाळता येत नाही. पण स्वतःला फसवताना काही खुणा उमटतात आणि त्या ओळखता येतात. एखाद्या जागेवर आक्षेप आला आणि ती जागा मोठ्यानं वाचताना आपण नेहमीच घाईनं ओलांडत होतो असं लक्षात आलं, तर आक्षेप खरा आहे. एखादा बदल आपण तो फार खर्चिक आहे म्हणून नाकारत असू, म्हणजे त्यासाठी निम्मं पुस्तक पुन्हा लिहावं लागेल म्हणून, तर आपला नकार संशयास्पद आहे. एकमेकांना न ओळखणारे तीन वाचक एकाच पानावर अडखळत असतील तर त्यांची कारणं वेगवेगळी आणि चुकीची असली तरी पान दोषी आहे. आणि उत्तर देताना आपण मजकुरातली जागा दाखवण्याऐवजी आपला हेतू समजावून सांगू लागलो, तर तो हेतू मजकुरात उतरलेला नाही, हे मान्य करायला हवं. पुस्तक वाचकाच्या हाती पडल्यावर हेतू समजावून सांगायला आपण तिथं नसतो. या खुणांना वेळाचीही जोड लागते. अभिप्राय वाचला त्याच संध्याकाळी दिलेलं उत्तर बहुधा दुखावलेल्या माणसाचं असतं. काही दिवसांनी दिलेलं उत्तर लेखकाचं असण्याची शक्यता वाढते.

संपादकाच्या बाजूनंही हा प्रश्न पाहायला हवा, कारण मराठीत त्याचा मोठा इतिहास आहे. मौज आणि ‘सत्यकथा’ या परिवारात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रांतून दीर्घ संवाद करत संपादनाची एक परंपरा उभी केली. आलेलं लेखन छापायचं किंवा ‘साभार परत’ करायचं, एवढ्यावर न थांबता त्यातलं काय फुलू शकतं हे लेखकाला दाखवायचं, ही त्या परंपरेची देणगी. पण साठच्या दशकात अनियतकालिकांच्या चळवळीतले तरुण याच परंपरेवर तुटून पडले. इतक्या संस्कारांतून जाताना वेगवेगळे आवाज एकाच सौम्य अभिरुचीचे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, आणि वादाचं मूळ याच प्रश्नात दिसतं. संपादक जोवर लेखकाला त्याच्याच कथेकडं घेऊन जातो, तोवर त्याच्याइतका मोठा मित्र नाही. पण वाचलेल्या शेकडो चांगल्या कथांचा साचा त्याच्या मनात तयार झाला आणि तो नवी कथा त्या साच्याशी ताडून पाहू लागला, की सद्भावनेनंच तो दुसरी कथा मागायला लागतो. त्याच्या हे लक्षातही येत नाही. म्हणून अशा वेळी लेखकाचा ठामपणा संपादकाच्याही हिताचा असतो. त्याच्यामुळं संपादकाची अभिरुची रुंदावते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अंतःप्रेरणा म्हणजे तरी काय? आपण काय वाचलं, कोणत्या घरात वाढलो, कुणाची भाषा कानावर पडली, कोणती माणसं आपल्याला माणसं म्हणून दिसली, यांतूनच ती तयार होते. मग जिला आपण आतला आवाज म्हणतो तो आपल्या जातीचा, वर्गाचा, लिंगाचा आवाज नसेल कशावरून? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि नसावंही. पण त्याला कसं सामोरं जावं हे तेंडुलकरांच्याच दोन प्रसंगांत दिसतं. नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या ‘गोलपीठा’ या कवितासंग्रहाला तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. ती लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर त्या कवितांतल्या वस्तीत फिरले, आणि कवितांमधले कोणते शब्द आणि संदर्भ आपल्याला कळले नाहीत हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणानं मांडलं. स्वतःचा कान अपुरा आहे हे कळलेला वाचक कवितेवर निकाल देण्याआधी कान घडवून घेतो, याचा हा नमुना आहे. दुसरा प्रसंग ‘कन्यादान’चा. देवळालीकर या समाजवादी घरातली मुलगी अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारहाण करतो, असं हे नाटक. दलित तरुणाचं हे चित्र पाहून अनेक जण संतापले आणि तेंडुलकरांवर चप्पलही फेकली गेली. याच नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान स्वीकारताना त्यांनी त्या चपलेचा उल्लेख केला आणि लेखक म्हणून आपण दोन्ही निवाड्यांचा आदर करतो असं सांगितलं. त्यांनी नाटक बदललं नाही. पण तो विरोध अडाण्यांचा होता असंही ते म्हणाले नाहीत.

हा आदर वरवरचा शिष्टाचार नव्हता असं मला वाटतं. ‘कन्यादान’वरची टीका आधीच्या दोन्ही जातींत नीट बसत नाही. नाटक देवळालीकरांच्या घरातून दिसतं तसं दिसतं, अरुण आठवलेच्या घरातून ते कसं दिसलं असतं, असा प्रश्न ती विचारते. एखादा प्रवेश बदलून याचं उत्तर देता येत नाही. नाटकाची जी जागा आहे तिथूनच ते लिहिलेलं असतं. पण म्हणून हा आक्षेप टाकाऊ ठरत नाही. तो या कृतीवर काम करत नाही, लिहिणाऱ्यावर करतो. पुढच्या वेळी आपण कुठं उभे राहून पाहतो आहोत हे त्याला विचारावं लागतं. स्वतःच्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवणाऱ्याला तिला वाढवावंही लागतं. जो वाचक आपल्यापेक्षा फार वेगळ्या ठिकाणाहून आला आहे, त्याची टीका म्हणूनच अधिक वेळ जवळ ठेवावी. आपल्यासारख्याच दहा जणांची पसंती आपल्याला आधीच ठाऊक असलेलं पुन्हा सांगते. अशा एका वाचकाची नाराजी आपल्याला न दिसलेलं दाखवू शकते.

तेव्हा टीका आणि आत्मविश्वास यांना एकमेकांचे शत्रू मानणं सोडायला हवं. आपण काय लिहितो आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यालाच टीका खऱ्या अर्थानं ऐकता येते, कारण कोणती सूचना कामाची हे ठरवायला त्याच्यापाशी माप असतं. ज्याला ते ठाऊक नाही तो एक तर प्रत्येक सूचनेनं वाकतो किंवा प्रत्येक सूचनेला भितो, आणि दोन्ही वेळा त्याचं लेखन दुसऱ्याच्या हाती जातं. उलट, ज्यानं टीका कधीच आत येऊ दिली नाही त्याची अंतःप्रेरणाही कालांतरानं सवय होऊन बसते. म्हणून नव्यानं लिहिणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की जाड कातडी कमवण्यात वर्षं घालवू नका. हे लेखन कशासाठी आहे, हे स्वतःपुरतं स्पष्ट करण्यात ती घाला. मग प्रत्येक आक्षेपाला हाच प्रश्न विचारा, हीच गोष्ट की दुसरी? उत्तर ‘हीच’ असेल तर कितीही पानं पुन्हा लिहावी लागली तरी लिहा. ‘दुसरी’ असेल तर सांगणाऱ्याचे आभार माना आणि आपल्या गोष्टीशी एकनिष्ठ राहा. आणि उत्तर ठरवता येत नसेल, तर घाईनं ते ठरवू नका. तो आक्षेप पुढच्या पुस्तकापर्यंत बरोबर वागवा.